पायाला लागलं होतं

सांगायचं तर गोष्ट पॅन्टच्या चेनची आहे, आणि ती लिहायला मला दोन वर्षं लागली. चवथीच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ. आम्ही पणजीहून फोंड्याजवळच्या मूळ घरी पोचलेलो, पाऊस दुपारपासून थांबायचं नाव घेत नव्हता, मी भिजलेला, बॅगेतले कपडेही भिजलेले, आणि मूळ घरातल्या दोरीवर चवथीच्या दिवसांत घातलेलं काहीच सुकत नाही हे गोव्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. एक जीन्स तेवढी कोरडी सापडली. आत काही न घालता तीच चढवली, बाहेर चुलतभाऊ गाडी चालू करून हॉर्न मारतोय, माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगायची त्या चौकटीचं, सामान आणायचंय, उशीर झाला तर सुपारीचे चांगले कात्रे, म्हणजे घोस, संपतील म्हणून त्याचा जीव खालीवर, आणि त्या घाईत मी चेन वर ओढली.

पुरुष वाचकांनी इथे डोळे मिटले असतील. मिटा, मीही मिटले होते.

मग मी जे केलं ते कुणी करू नये, म्हणजे तीच चेन तशीच जोरात खाली ओढली. नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की चेनचा जो सरकणारा तुकडा असतो ना, त्याच्या पुढच्या आणि मागच्या पत्र्याला जोडणारी एक छोटी दांडी असते, ती कटरने तोडली की तुकडा दोन भागांत सुटतो, दात आपोआप उघडतात आणि कातडी मोकळी होते, आणि लहान मुलाला असं झालं तर घरी खटपट न करता सरळ कॅज्युअल्टीत न्यायचं. पण त्या क्षणी कटर कोण मागणार आणि कुणाकडे मागणार, बाहेर अख्खं खानदान बसलेलं, आणि कटर कशाला म्हणून विचारलं असतं तर?

जखम अशी मोठी नव्हती. पुढच्या सैल कातडीला, खालच्या बाजूने, अर्ध्या इंचाहून कमी चीर. पण रक्त असं आलं की मी हबकलो, तिथे रक्तवाहिन्या भरपूर म्हणून एवढ्याशा चिरेलाही धार लागते हे तेव्हा कुठे माहीत. स्वच्छ रुमाल दाबून धरला, दहा मिनिटांत थांबलं. इथपर्यंत बरोबर केलं. मग फळीवरची डेटॉलची बाटली दिसली आणि मी त्यात पाणी न घालता कापूस बुडवून लावला. त्याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की बाहेरून वहिनीने विचारलं, काय हो पडलात काय, आणि मी म्हटलं हो, पाय घसरला.

तेव्हापासून मला पायाला लागलं होतं.

हे पाय प्रकरण किती सोयीचं असतं बघा. आपल्या भाषेत दुखण्याला एवढे शब्द आहेत की डॉक्टरला अर्धं निदान तिथेच मिळावं. चुरचुरतं, झोंबतं, हुळहुळतं, ठणकतं, सलतं, ठुसठुसतं. जखम पिकते, चिघळते, तिला खपली धरते, तिच्यातून लस येते किंवा पू येतो, अंगात कणकण येते, सगळं वेगवेगळं आणि सगळं नेमकं. पण जागेला शब्द नाही. म्हणजे शब्द आहेत, पण एक शिवीतला, एक लहान मुलाला आंघोळ घालतानाचा, आणि तिसरा शाळेत व्याकरणाच्या तासाला भेटलेला. तीन लिंगं पाठ केली आम्ही, पुल्लिंग स्त्रीलिंग नपुंसकलिंग, पण दुखलं की आम्ही 'तिथे' म्हणतो, 'खाली' म्हणतो, फार तर 'लघवीच्या जागी'. आम्ही घरात कोंकणी बोलतो आणि मराठीत लिहितो, म्हणजे दोन भाषा हाताशी, तरी हीच गत. डॉक्टरला आपल्याकडची म्हातारी माणसं दोतोर म्हणतात, तो शब्द सरळ पोर्तुगीजांकडून घेतला, पोर्तुगीजांच्याच काळात १८४२ साली पणजीला वैद्यकीय शाळा निघाली, म्हणजे दोतोर आमच्याकडे केव्हाचे आहेत, फक्त दोतोराला नेमकं काय सांगायचं ते आम्ही अजून ठरवतोय.

असो. पहिल्या रात्री चुरचुरत होतं, लघवी करताना झोंबत होतं, कडेने थोडी लाली आणि थोडी सूज. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. चिरेवर पिवळट पांढरा पातळ थर आला होता, तो बघून मी घाबरलो की पू झाला. तो पू नव्हता. ओलसर जागेच्या कातडीवर खपली सुकून कडक होत नाही, तिच्याऐवजी असा थर धरतो, आणि जे पातळ पाण्यासारखं फिकट पिवळं येतं ती लस. तिला वास नसतो आणि ती दिवसागणिक कमी होत जाते. पू घट्ट, गढूळ, कधी हिरवट, आणि तो वाढत जातो. हे मला माहीत नव्हतं म्हणून मी तो थर ओल्या कापसाने घासून काढला, दोनदा. म्हणजे शरीर जे विणत होतं ते मी उसवून ठेवलं. वर मेडिकलवाल्याकडून एक ट्यूब आणली, त्याला सांगितलं जांघेत खाजतंय, त्याने न विचारता एक 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब दिली, ज्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड असं सगळं एकत्र होतं. दोष त्याला काय देणार, मीच खोटं बोललो होतो. पण ही मिसळीची ट्यूब मोठी फसवी. स्टेरॉइडने लाली दबते, खाज थांबते, आपल्याला वाटतं बरं होतंय, आणि खालून जंतू आणि बुरशी आरामात पसरतात. पावसाळ्यात अर्ध्या गोव्याच्या जांघेत नायटा असतो आणि या ट्यूबांनी तो जाता जात नाही, हे मला नंतर कळलं.

त्या दुपारी माटोळी बांधताना मी शिडीवर, खालून कात्रे, चिबूड, आंब्याची टाळी हातात मिळताहेत, आणि चुलतकाका बाजूला उभे राहून सल्ला देताहेत की पायाला फेणी लाव, आमच्या लहानपणी जखमेला फेणीच लावायचे. फेणीत अल्कोहोल असतं ४०-४५ टक्के, जंतू मारायला निदान ६० टक्के लागतं, म्हणजे काकांची जखम फेणीने नाही तर नशिबाने बरी झाली असणार. आणि नाजूक कातडीवर कुठलंच अल्कोहोल घालायचं नसतं, ते जंतूंच्या आधी आपल्याच पेशी भाजतं. हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा मी नुसतं हं हं म्हणत सुपाऱ्या बांधत होतो.

चवथीच्या पहाटे ठणका लागला.

चुरचुर आणि ठणका यातला फरक ज्याने अनुभवलाय त्याला सांगायला नको. चुरचुर कातडीच्या वरवर असते, हात लागला की, पाणी लागलं की. ठणक्याला कुणी हात लावावा लागत नाही, तो आतून येतो, नाडीच्या ठोक्याबरोबर. आणि तो तिसऱ्या दिवशी आला हे महत्त्वाचं. जखम झाल्यावर पहिले एक-दोन दिवस लाल होणं, सुजणं, दुखणं हे शरीराचं दुरुस्तीचं कामच असतं, ते उतरत्या क्रमाने गेलं पाहिजे. उतरलेलं दुखणं परत चढायला लागलं तर ते जंतूंचं काम. मी मात्र असं समजावलं स्वतःला की शिडीवर चढउतार केली म्हणून असेल. पूजा, आरती, पंगत, नेवऱ्या, खतखतं, सगळं झालं. नेवऱ्या, म्हणजे आमच्या गोड करंज्या, किती खाल्ल्या ते विचारू नका, त्याचा पुढे संबंध आहे.

नीट बघायलाही जागा नव्हती. मूळ घरात त्या दिवसांत तीस माणसं आणि बाथरूम दोन, बाहेर कुणीतरी टॉवेल घेऊन उभंच. शेवटी मोबाईलचा टॉर्च लावून फोटो काढला, म्हटलं रोज काढू आणि तुलना करू. कल्पना चांगली होती, डॉक्टरीणबाईंनीही नंतर म्हटलं की चांगली होती, लाली पसरतेय की आटतेय हे डोळ्यांना आठवत नाही, फोटोला आठवतं. पण अर्ध्या तासाने पुतण्या गेम खेळायला तोच मोबाईल घेऊन बसलेला दिसला आणि मला जो घाम फुटला तो काही तापाचा नव्हता. गणपतीचे फोटो आणि ते फोटो एकाच फोल्डरला, एकामागोमाग. त्या रात्री मी सगळे डिलीट केले आणि तुलना संपली.

आई माझी शहात्तर वर्षांची, माहेर सावंतवाडीकडचं, निम्मी कोंकणी निम्मी मराठी बोलते. दिवसभर तुळशीपाशी खुर्ची टाकून बसलेली असते आणि कोण कसं चालतंय ते बघत असते. संध्याकाळी तिने मला बोलावलं. "पांयाक कितें लागलां?" म्हटलं काही नाही, घसरलो. "अवधाण आलंय काय?"

अवधाण हा शब्द मी वीसेक वर्षांनी ऐकला. शेतात अनवाणी काम करणाऱ्या माणसांचा शब्द आहे तो. पायाला काटा लागला, जखम पिकली, की दोन दिवसांनी जांघेत सुपारीएवढी गाठ येते, दुखरी, हिला अवधाण म्हणायचं. त्या गाठी आपल्या सगळ्यांनाच असतात, चौकी-पहारा असतो तो शरीराचा, खालून येणारे जंतू तिथे अडवले जातात, आणि मारामारी मोठी असली की चौकी सुजते. आई पाय दाखव म्हणाली. मी दाखवला. दोन्ही दाखवले. तिने चष्मा लावून तळवे बघितले, घोटे बघितले, बोटांच्या बेचक्या बघितल्या. कुठे साधा ओरखडा नाही. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, चष्मा काढला, पदराला पुसला आणि म्हणाली, "फाल्यां दोतोराक दाखय." उद्या डॉक्टरला दाखव. बस. पुढे एक शब्द नाही.

मी आत जाऊन जांघेत बोटं लावून बघितली. डाव्या बाजूला होती. सुपारीएवढीच.

रात्री कणकण आली आणि बायकोला सांगावंच लागलं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही, तिने पहिला प्रश्न विचारला की वास येतोय काय. मी म्हटलं तुला कसं माहीत वासाचं? मग अंधारात, बाजूच्या खोलीत भजन चालू असताना, तिने सांगितलं की मुलगी झाली तेव्हा खालचे टाके पिकले होते तिचे, पाचव्या दिवशी. म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वी. बसता येत नव्हतं, सगळे म्हणत होते पहिलटकरणीला दुखतंच, आणि तिला स्वतःलाच वास आला म्हणून कळलं की हे नुसतं दुखणं नाही, ताप यायची वाट न बघता तिने बाळाच्या लसीचं निमित्त करून नर्सला गाठलं आणि दाखवलं. "आणि मला नाही सांगितलंस?" "तुम्ही विचारलं होतं काय?"

मी विचारलं नव्हतं. मी त्या दिवसांत पेढे वाटत होतो.

सकाळी, म्हणजे पंचमीला, जवळच्या वाड्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी सणाचं म्हणून अर्धा तास दवाखाना उघडला होता. आत गेलो, कितें जालां, मी म्हटलं तिथे जरा लागलंय. "खंय?" म्हटलं खाली. त्यांनी पेन ठेवलं आणि सरळ विचारलं, लिंगाला काय, पुढच्या कातडीला की मागे, कातडी मागे जाते काय, गेली तर परत पुढे येते काय, लघवीची धार नीट आहे काय. एवढ्या साध्या आवाजात, जसं पावसाचं विचारतात तसं. तीन दिवस मी ज्या शब्दाभोवती फिरत होतो तो बाई एका दमात बोलून गेल्या आणि छत कोसळलं नाही. कातडीचं विचारायचं कारण, ती मागे जाऊन सुजली आणि पुढे येईना झाली तर पुढच्या भागाचा रक्तपुरवठा अडतो, मग ते दवाखान्याचं काम राहत नाही, त्याच तासाला हॉस्पिटल. लघवी तुंबली तरी तसंच. आणखी एक विचारलं, बायको बाजूला असताना विचारलं, बाहेर कुठे संबंध आला होता काय, कारण कधी कधी माणसं वेगळ्याच आजाराचा फोड चेनवर ढकलतात, तो फोड दुखतही नाही कधी कधी, आणि त्याला तपासणी वेगळी लागते. मी नाही म्हटलं. बायकोने माझ्याकडे न बघता छताच्या पंख्याकडे बघितलं.

तपासून झाल्यावर त्यांनी बॉलपेन घेतलं आणि लाली जिथे संपत होती तिथे कातडीवर सरळ रेघ ओढली, गोल. म्हणाल्या, उद्या सकाळी लाली या रेघेच्या आत असली तर औषध लागू पडतंय. बाहेर गेली, किंवा पोटाच्या, मांडीच्या दिशेने लाल रेघा चढल्या, थंडी वाजून ताप भरला, तर माझी वाट बघू नका, सरळ बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, जा, गाडी नसली तर १०८ लावा. आणि एक नीट ऐका, असं म्हणून आवाज थोडा उतरवला. दिसतंय त्यापेक्षा दुखणं भलतंच जास्त वाटलं, कातडी जांभळी-काळी पडायला लागली, दाबल्यावर आत चुरचुर वाजल्यासारखं झालं, अंडाची पिशवी भराभर सुजली, तर तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नाही. हा प्रकार विरळा, पण शुगर असलेल्यांना जास्त होतो. मी नंतर वाचलं, पॅरिसच्या फूर्निए नावाच्या डॉक्टरने १८८३ साली त्यावर लिहिलं होतं म्हणून अजून त्याच्या नावाने ओळखतात, आणि नुसत्या औषधाने भागत नाही, ऑपरेशन करून सडलेला भाग काढावा लागतो. रात्री दोन वाजता वाचलं मी हे. तुम्ही रात्री दोनला वाचू नका.

शुगर म्हटल्यावर त्यांनी बोटाला सुई टोचली. मशीनवर आकडा आला २६८.

मला शुगर नाही, मी म्हटलं. आता आहे, त्या म्हणाल्या. नेवऱ्यांचं मी सांगून बघितलं, त्यांनी मान हलवली, रक्त घेतलं, दोन दिवसांनी तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट आला ८.१, साडेसहाच्या वर म्हणजे मधुमेह. अर्ध्या इंचाच्या चिरेने मला हे दाखवलं. मग आठवायला लागलं की वर्षभर तिथे अधूनमधून खाज यायची, पांढरं जमायचं, कातडीच्या टोकाला बारीक भेगा पडायच्या आणि मी घामाला दोष द्यायचो. लघवीतून साखर जायला लागली की बुरशीची चंगळ होते, आणि रक्तात साखर जास्त असली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी सुस्तावतात. काही नव्या शुगरच्या गोळ्या तर मुद्दाम लघवीतूनच साखर बाहेर काढतात, म्हणून बाईंनी मला ती जात दिली नाही, दुसरी दिली.

उपाय म्हणाल तर ऐकायला अगदी फुसका. अँटिबायोटिक पूर्ण कोर्स, बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन, कारण माझं शेवटचं कधी झालं ते मलाच आठवेना. ट्यूब कचऱ्यात, डेटॉल फळीवर, हळद डब्यात, पावडर मुलांच्या कॅरमला. दिवसातून दोनदा नुसत्या साध्या पाण्याने धुवायचं, घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं, सैल सुती कपडे, ते नसले तर पंचा बरा, आणि पूर्ण भरून येईपर्यंत बायकोपासून लांब. पंचा नेसून मी दोन दिवस आरतीला उभा होतो, काकांना वाटलं मी भाविक झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमच्या दाराला कडी लावून टॉर्चने बघितलं. लाली रेघेच्या आत होती, करंगळीच्या नखाएवढी आत. इतका आनंद मला दहावीच्या निकालाला झाला नव्हता. ठणका गेला, परत चुरचुर आली, आणि ती चुरचुर मला चक्क आवडली. अवधाण मात्र उतरायला दहा दिवस लागले, गाठी सावकाश जातात.

आमचा गणपती पाच दिवसांचा. विसर्जनाच्या संध्याकाळी तळीवर जायला निघालो, पाट मी उचलणार नव्हतो, भावाने उचलला, मी मागून झांजा वाजवत चाललो होतो, बऱ्यापैकी सरळ. आई पायरीवर उभी होती. मी बाजूने जाताना तिने हाताने थांबवलं.

"पांय बरो जालो?"

"जालो."

"बरें," ती म्हणाली, आणि गणपतीकडे बघून हात जोडले.